साडेपाच अंश दक्षिणेला

चेन्नईला बदली झाली आणि ध्रुव साडेपाच अंशांनी खाली उतरला. पुण्यात तो क्षितिजापासून साडेअठरा अंशांवर असतो; हात ताठ पुढे धरून मूठ वळली तर जवळजवळ दोन मुठी. इथे एक मूठ आणि वर दोन बोटं. हिशेब शाळेतलाच आहे, गावाचा जो अक्षांश तीच ध्रुवाची उंची. बदलीच्या ऑर्डरीत रुजू व्हायची तारीख असते, सामानाच्या ट्रकचं भाडं किती मिळेल ते असतं. आकाश किती सरकेल ते नसतं. आणि खरं सांगायचं तर इथला ध्रुव माझ्यापुरता कागदावरच आहे. मी राहते तिथून उत्तरेला अख्खं शहर पडतं. त्याच्या उजेडात आणि बंगालच्या उपसागरावरून येणाऱ्या ओलसर हवेत तो दुसऱ्या प्रतीचा तारा बहुतेक रात्री बुडालेलाच असतो.

पण उत्तरेकडून जेवढं गेलं तेवढंच दक्षिणेकडून वर आलं. अगस्ती पुण्यात फार तर एकोणीस अंश चढतो, इथे चोवीस. त्रिशंकूचा तळाचा तारा पुण्यात गच्च्यांना घासत जातो, इथे तो चांगला चौदा अंशांवर येतो. फेब्रुवारीत जेवणं आटोपल्यावर गच्चीवर जावं, व्याध शोधावा आणि तिथून नजर सरळ खाली सोडावी. वाटेत दुसरं काही अडवायला नाही. व्याधाखालोखाल तेजस्वी असा हा तारा मग आपणहून समोर येतो.

अगस्तीची गोष्ट मी आजीकडून ऐकलेली. विंध्य पर्वत उंच उंच वाढत सुटला, सूर्याची वाट अडली, तेव्हा अगस्ती ऋषी त्याच्यापुढे आले. तो नमस्काराला वाकला. ऋषी म्हणाले, मी परत येईपर्यंत असाच राहा. आणि ते परत आलेच नाहीत. आमच्याकडे गोष्ट तिथेच संपते, पर्वताची फजिती झाली म्हणून मुलं हसतात. इथे ती तिथून सुरू होते. पर्वत ओलांडून आलेला हा माणूस पुढे पोदिगै डोंगरावर राहिला, तमिळचं पहिलं व्याकरण त्यानेच रचलं अशी इथली श्रद्धा. एकाच माणसाची अर्धी गोष्ट एका प्रांतात आणि अर्धी दुसऱ्या प्रांतात. निघून गेलेल्याचं पुढे काय झालं हे मागे राहिलेल्यांना सहसा सांगता येत नाही, त्यामुळे हे स्वाभाविकच आहे म्हणा.

मी इथल्या हौशी खगोल मंडळात गेले ती आकाशाच्या ओढीने गेले असं म्हणणं शोभून दिसलं असतं. पण पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, देशातलं सर्वांत जुनं हौशी खगोल मंडळ, आणि टिळक स्मारक मंदिरावरून माझं सारं आयुष्य येणंजाणं होतं. कधी आत जावंसं वाटलं नाही. आपल्या गावात माणसं असतातच, आकाशही असतंच, दोन्हींसाठी वर्गणी भरावी लागत नाही. परक्या गावात ऑफिस सुटल्यावरचे तास फार लांब होतात. मला बोलायला माणसं हवी होती. तारे हा त्यातल्या त्यात कमी भाषा लागणारा विषय.

मंडळाला ऑफिस नाही. वेगवेगळ्या घरांत ठेवलेल्या काही दुर्बिणी, एक व्हॉट्सॲप ग्रुप, आणि चंद्राप्रमाणे ठरणारे शनिवार. शुक्ल पक्षात बेझंटनगरच्या एलियट बीचवर लोकांसाठी दुर्बीण लावायची, अमावास्येच्या आसपास स्वतःसाठी शहराबाहेर पळायचं. ओएमआर या रस्त्यावरच्या कंपन्यांतली मुलंमुली, एक पदार्थविज्ञानाची शिक्षिका, एक गुरांचे डॉक्टर, आणि इंटिग्रल कोच फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक फिटर. त्यांना सगळे ‘सार’ म्हणतात. मला पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांनी ‘अक्का’ करून टाकलं, ते काही मला जड गेलं नाही. सार रेल्वेतल्या हिंदीत माझ्याशी बोलतात आणि मध्येच तमिळमध्ये घसरतात. दुर्बीण लावून झाली की बाजूला होतात आणि विचारतात, “तेरियुदा?” दिसतंय का?

या प्रश्नाभोवती सारं मंडळ फिरतं. दुर्बिणीत एका वेळी एकच डोळा मावतो, त्यामुळे ती मुळातच रांगेची वस्तू आहे. आणि जे दिसतं ते आपोआप दिसत नाही. पहिल्यांदा वाकलेल्या माणसाला काळोखच दिसतो, मग स्वतःच्या पापण्या, मग बाजूच्या दिव्याचं प्रतिबिंब. कुणीतरी कानाशी सांगावं लागतं की मधोमध बघू नका, किंचित बाजूला बघा, फिकट वस्तू डोळ्याच्या कडेने जास्त दिसते. अंधुक उजेड टिपणाऱ्या पेशी दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूत नसतात, त्याच्या सभोवार असतात, म्हणून. हे मी पुस्तकात वाचलं होतं. वाचून काही दिसलं नव्हतं.

सारची आठ इंची दुर्बीण त्यांनी घरी केलेली. नळी पाण्याच्या जाड पीव्हीसी पाइपची, बैठक प्लायवूडची, आरसा हाताने घासलेला. काचेच्या दोन चकत्या एका पिंपावर एकावर एक ठेवायच्या, मध्ये कार्बोरंडमची ओली भुकटी, आणि वरची चकती मागेपुढे घासत पिंपाभोवती फिरत राहायचं. वरची हळूहळू खोलगट होते, खालची फुगीर. भुकटी बारीक बारीक करत न्यायची, शेवटी डांबरासारख्या पिचवर सिरियम ऑक्साइडने झिलई. आकार बरोबर आला का हे पाहायला फुकोने १८५८ मध्ये सांगितलेली पात्याची चाचणी आजही तशीच करतात, दाढीचं पातं आणि एक दिवा एवढ्यावर. चूक चालते ती प्रकाशाच्या लहरीच्या चौथ्या हिश्शाइतकी, म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण पाचशेवा भाग. “कारखान्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाला आम्ही बारीक काम म्हणायचो,” असं सांगून सार हसतात. त्यांच्या हसण्यात कारखान्याचा कमीपणा नसतो. उलट तो हात तिथे बसला म्हणून इथे चालला, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

अशा बैठकीच्या दुर्बिणीला डॉब्सोनियन म्हणतात. जॉन डॉब्सन हा बीजिंगमध्ये १९१५ साली जन्मलेला माणूस १९४४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात संन्यासी म्हणून दाखल झाला. जहाजाच्या खिडक्यांच्या जाड काचा मिळवून तो आरसे घाशी आणि दुर्बीण ढकलत रस्त्यावर नेऊन येणाऱ्याजाणाऱ्यांना चंद्र दाखवी. मठात गैरहजेरी वाढली, १९६७ मध्ये त्याला मठ सोडावा लागला. पुढच्याच वर्षी त्याने फूटपाथवरच्या खगोलप्रेमींचं मंडळ काढलं. सार मैलापूरच्या रामकृष्ण मठात नेमाने जातात. डॉब्सन त्याच परंपरेतला, याचं त्यांना कौतुक आहे; मठ आणि दुर्बीण यांत एक निवडायची वेळ आपल्यावर आली नाही, याचं थोडं जास्त.

बीचवर चंद्राला गर्दी होते, पण शनीला होते तशी कुणालाच नाही. शनी एका राशीतून दुसरीत जातो ती ‘शनिप्पेयर्ची’ इथे केवढी मोठी गोष्ट आहे हे पुण्यात कळणार नाही. कारैकालजवळच्या तिरुनळ्ळारच्या देवळात त्या दिवशी लाखांनी लोक लोटतात. अशात २०२५ साल उजाडलं आणि दोन गोष्टी एकदम घडल्या. मार्चमध्ये शनीची कडी पृथ्वीच्या नजरेला बरोबर कडेवर आली. ती इतकी पातळ की पुढे वर्षभर दुर्बिणीतून नुसती एक रेघ दिसत राहिली. आणि त्याच मार्चच्या २९ तारखेला तिरुक्कणित पंचांगाप्रमाणे शनी मीनेत गेला, तर तिरुनळ्ळारच्या देवस्थानाने जाहीर केलं की आम्ही वाक्य पंचांग पाळतो, आमची पेयर्ची २०२६ मध्ये. म्हणजे जवळजवळ वर्षभर एकच शनी दोन राशींत.

त्या पावसाळ्याच्या उघडिपीत एक बाई दुर्बिणीशी आल्या, वाळूत चपला काढल्या, मग डोळा लावला. आमच्यातल्या एकदोन विज्ञानवादी पोरांच्या कपाळावर आठ्या चढल्या. सारनी त्यांना नजरेनेच गप्प केलं. बाईंनी बराच वेळ पाहिलं. पहिला प्रश्न, कडं कुठाय? दुसरा, हा आत्ता कुंभेत की मीनेत? पहिल्याचं उत्तर शिक्षिकाबाईंनी पुठ्ठ्याची चकती तिरपी-आडवी करून छान दिलं. दुसऱ्यावर मंडळातच जुंपली आणि उसळीसारखं सुंडल विकणाऱ्याचं पातेलं रिकामं होईपर्यंत चालली.

मला त्या भांडणात घरचंच काहीतरी ऐकल्यासारखं झालं. टिळक पंचांग पाळणाऱ्या घराची दिवाळी शेजाऱ्यांपेक्षा एखाद्या वर्षी महिनाभर वेगळी का येते, हा कोकणातला जुना प्रश्न. मूळ वाद तोच: पिढीजात कोष्टकांवरून आलेला ग्रह खरा, की डोळ्यांना दिसतो तो? वाक्य पंचांग पाठ केलेल्या सूत्रवाक्यांवरून गणित करतं. दृग्गणितवाले, म्हणजे इथले तिरुक्कणितवाले, म्हणतात, आकाशाकडे बघा आणि आकडे दुरुस्त करा. केरूनाना छत्रे १८६० च्या दशकात पुण्यात हेच सांगत होते. ग्रहसाधनाची कोष्टकं करून, पटवर्धनी पंचांग काढून. आणि त्याच दशकात इथे, नुंगंबाक्कमला, एक माणूस हेच करत होता.

चिंतामणी रघुनाथाचारी. मद्रास वेधशाळेत अगदी तरुणपणी लागले आणि पहिले साहाय्यक झाले. वेधशाळेचं मूळ म्हणजे विल्यम पेट्री या ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्याची खाजगी हौस, १७८६ सालची. ती कंपनीने ताब्यात घेतली आणि मायकेल टॉपिंगने १७९२ मध्ये नुंगंबाक्कमला इमारत उभी केली. म्हणजे या शहरातलं सरकारी खगोलशास्त्रसुद्धा एका हौशी माणसाच्या अंगणातून आलेलं. आज तिथे हवामान खात्याचं कार्यालय आहे, आणि त्याच्या आवारात त्या वेधशाळेचा ग्रॅनाइटचा खांब उभा आहे. त्यावर टॉपिंगचं नाव, साल, लॅटिनबरोबर तमिळ-तेलुगूतला कोरीव मजकूर. मंडळातल्या काहींनी रीतसर परवानगी काढून तो बघायला नेलं तेव्हा मला वाटलं होतं की खांब म्हणजे स्मारक असणार. तर तो कामाचा. याच्या डोक्यावर याम्योत्तर दुर्बीण बसवलेली होती, फक्त उत्तर-दक्षिण रेषेत हलणारी. तारा ती रेषा ओलांडतो तो क्षण घड्याळावर टिपायचा. दुर्बीण तिळभर हलली तर क्षण चुकला, म्हणून एवढा दगड.

या क्षणांवरूनच हिंदुस्थानातल्या रेल्वेची वेळ लागली. ग्रिनिचच्या पाच तास एकवीस मिनिटं पुढे ती मद्रास वेळ. १८८१ मध्ये ती मुंबईकरांवर लादायचा प्रयत्न झाला आणि मुंबईने तो हाणून पाडला, हे सांगितल्यावर सार म्हणाले, “बरोबरच आहे. आपली दुपार दुसऱ्याने का ठरवायची?” १९०६ पासून दोघांचीही दुपार तिसऱ्यानेच ठरवली, हा भाग वेगळा. पुण्याहून इथे सूर्य साधारण पंचवीस मिनिटं आधी माथ्यावर येतो, जूनमध्ये मावळतो तर त्याहूनही आधी. ऑफिसची वेळ मात्र तीच. हौशी माणसाचा यात नफा आहे, मी तो घेते.

रघुनाथाचारींकडे परत येते, कारण मला ते सोडवत नाहीत. रात्रीमागून रात्री वेध घेता घेता १८६७ मध्ये त्यांच्या लक्षात आलं की जालक नावाच्या लहानशा दक्षिणी तारकासमूहातला एक तारा नेमाने मंदावतो आणि पुन्हा उजळतो. आर रेटिक्युली. आधुनिक काळात भारतीय माणसाच्या नावावर नोंदलेला खगोलशास्त्रातला हा पहिला शोध मानतात. तारा इतका दक्षिणेला की चेन्नईहून तो चौदा अंशांपर्यंत चढतो, पुण्याहून आठ-साडेआठ, आणि दिल्लीहून उगवतच नाही. १८७४ च्या ९ डिसेंबरला शुक्र सूर्यबिंबावरून जाणार होता. तेव्हा हे काय आहे ते लोकांना कळावं म्हणून त्यांनी इंग्रजीबरोबर देशी भाषांतही पुस्तिका काढली. आणि दृग्गणित पंचांग. दिवसाची नोकरी रात्री करून वर हे. त्यांचे वरिष्ठ नॉर्मन पॉगसन, ताऱ्यांच्या प्रतींचं आज वापरात असलेलं माप ज्यांनी घालून दिलं ते. मद्रासला आल्या वर्षी, १८६१ मध्ये, त्यांना सापडलेल्या लघुग्रहाचं नाव त्यांनी ‘एशिया’ ठेवलं. पॉगसनांची मुलगी आयसिस तिथेच साहाय्यक म्हणून राबली. लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने तिला फेलो करून घेतलं ते १९२० मध्ये. पुस्तकांत पॉगसन मोठ्या टाइपात येतात. मंडळात मात्र रघुनाथाचारींची बाजू घेऊन पोरं तावातावाने बोलतात, आणि तमिळ न येणारी मीही त्यात मराठी-इंग्रजीत भर घालते.

इथलं सगळ्यात अवघड गेलेलं गणित पावसाचं. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर दुर्बिणी कपाटात, आणि शरदात आकाश धुऊन निघालं की हंगाम सुरू. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत अगस्तीवर स्वतंत्र अध्याय आहे. अगस्ती उगवला की गढूळ पाणी निवळतं, ही त्यातली समजूत आपल्याकडच्या ऋतूंना चपखल बसते. ज्या दक्षिणेचा तो तारा, तिथे मात्र ती उलटी. चेन्नईचा वर्षाचा निम्म्याहून जास्त पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात पडतो. कोजागरीला मी गच्चीवर दूध आटवायचं ठरवलं तर सोसायटीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे काळजीने पाहिलं. मृग वर येण्याचा, उल्का पडण्याचा, देवयानी दीर्घिका माथ्यावर असण्याचा काळ आम्ही छत्रीखाली काढतो. त्याचा मोबदला भलतीकडे मिळतो. शून्य सावलीचा दुसरा दिवस पुण्यात जुलैअखेर येतो, ढगांच्या मागे. इथे १८ ऑगस्टच्या सुमाराला पुष्कळदा लख्ख ऊन असतं. एप्रिलच्या २४-२५ तारखेनंतर तर मधले जवळजवळ चार महिने दुपारची सावली दक्षिणेकडे पडते. बाजारात जाताना मी अजून तिच्याकडे वळून बघते.

आणि मार्च. मार्चमध्ये आम्ही जवादी डोंगरात जातो. वाणियंबाडीवरून आलंगायम, पुढे घाट चढत कावलूर. चंदनाचं जंगल असलेल्या या डोंगरात वेणू बाप्पूंनी १९६० च्या दशकात वेधशाळा वसवली. त्यांच्या नावाची २.३४ मीटरची दुर्बीण १९८६ पासून तिथे आहे. बाप्पू जन्मले याच मद्रासमध्ये, १९२७ साली, आणि सुरुवात हौशी निरीक्षक म्हणूनच. युरेनसला कडी आहेत याचा सुगावा १९७७ च्या मार्चमध्ये ज्या ठिकाणांहून लागला त्यांत कावलूर होतं. हे सगळं दिवसा ऐकायचं. रात्री आमचा मुक्काम त्यापासून दूर, एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या खळ्यावर, कारण हौशी माणसांचे टॉर्च व्यावसायिकांना खपत नाहीत.

अशाच एका रात्री, मध्यरात्रीनंतर, नरतुरंग वर आला. त्यात एक धुरकट ठिपका आहे, ओमेगा सेंटॉरी. टॉलेमीने तो तारा म्हणून यादीत घातला. हॅलीने १६७७ मध्ये तो तारा नव्हे असं नोंदवलं; दक्षिणेचं आकाश बघायचं म्हणून शिक्षण अर्धं टाकून तो सेंट हेलेनाला जाऊन राहिला होता. सारनी नळी वळवली, बाजूला झाले. मी वाकले तर आधी नुसता धूर. मग कडेने बघितलं आणि तो धूर फुटला, कडेकडेला फुटत मध्यापर्यंत गेला, सांडलेल्या रव्यासारखा कण कण वेगळा. सतरा हजार प्रकाशवर्षं दूर, एक कोटीच्या आसपास तारे. मागून प्रश्न आला. मी “तेरियुदु” म्हटलं आणि जागा सोडली नाही. रांगेतून कुणीतरी “अक्का, पोदुम” असं ओरडलं, पुरे आता, तेव्हा सोडली. ओमेगा सेंटॉरी पुण्याहूनही दिसतो, चांगला चोवीस अंशांवर येतो. पुण्यात मला तो दाखवायला मागे कुणी उभं नव्हतं, इतकंच.

परतीच्या वाटेवर गुरांचे डॉक्टर आणि सार आंडाळ या संतकवयित्रीच्या तिरुप्पावै या स्तोत्रावरून भांडत होते. त्यात पहाटे शुक्र उगवल्याचा आणि गुरू मावळल्याचा उल्लेख आहे. त्यावरून तिचा काळ ठरवायचे पुष्कळ प्रयत्न झाले. डॉक्टरांचं म्हणणं, अशी जोडी वरचेवर जुळते, त्यावरून साल काढणं म्हणजे थापा. सार म्हणाले, साल चुकेल, पण आंडाळने पहाटे उठून बघितलं होतं यात संशय नाही. मला सारचं पटलं.

सध्या वाद चालू आहे तो जेमिनिड्सचा. डिसेंबरच्या १३-१४ ला, पुनर्वसूच्या ताऱ्यांजवळून, चांगल्या काळोखात तासाला शंभरावर उल्का, वर्षातली सर्वांत मोठी आतषबाजी, आणि नेमकी इथल्या पावसात. २०२३ मध्ये त्याच्या दहा दिवस आधी मिचाँग वादळाने अर्धं शहर पाण्यात बसवलं होतं. निम्मं मंडळ म्हणतं, जवादीत समुद्र दूर आहे, ढग फाटतील. निम्मं म्हणतं, व्हॅनचा ॲडव्हान्स परत मिळत नाही. मी जाण्याच्या बाजूने मत दिलं. सारनी लगेच हिशेब पाठवला: माणशी भाडं, दोन ताडपत्र्या, आणि ढग हटलेच नाहीत तर आलंगायमच्या टपरीवरचा चहा ज्याचा त्याने प्यायचा.